आठ महिने टेम्पे तळून झाल्यावर

दिवाळीनंतर लेकीने दूध, दही, तूप, पनीर सगळंच सोडलं. संध्याकाळचं खाणं आमच्याकडे माझ्या वाट्याला, त्यामुळे पनीरच्या जागी काय, हे शोधणंही माझ्याच गळ्यात पडलं. टोफू दोनदा करून पाहिला, कुणी विचारलंही नाही. मग फ्रोझन टेम्पेचं २०० ग्रॅमचं पाकीट आणलं. आईने ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि म्हणाली, "अरे, याला बुरशी आलीये. परत देऊन ये."

तिचं काही चुकलं नव्हतं. शिजवलेल्या सोयाबीनवर ऱ्हायझोपस जातीची बुरशी मुद्दाम वाढवतात, तिच्या पांढऱ्या तंतूंनी दाणे एकमेकांना घट्ट धरले की झालं टेम्पे. मूळ इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं, तिथे अगदी रोजच्या जेवणातलं.

पहिला प्रयत्न वाया गेला. पनीरसारखे जाड चौकोनी तुकडे केले आणि सरळ कढईत टाकले. बाहेरून करपले, आतून मिळमिळीत, वर जिभेच्या शेवटाला कडवट चव. लेकीने दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, "बाबा, राहू दे ना." तिथेच सोडलं असतं, पण फ्रीजरमध्ये दुसरं पाकीट होतं.

आता पद्धत बसली आहे. काप पाऊण बोटाच्या नव्हे, जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीचे. ते आधी दहा मिनिटं वाफवायचे, म्हणजे कडवटपणा बराच जातो. वाफेवरून काढले की गरम असतानाच मुरवणीच्या पाण्यात: एक वाटी पाणी, चमचाभर मीठ, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, चमचाभर जाडसर कुटलेले धणे, चिमूटभर हळद. हे जावातलंच साधं मुरवण आहे, आणि धणे-लसूण असल्याने आपल्या जिभेला परकं वाटत नाही. गरम काप पाणी भराभर ओढून घेतात, गार झालेले नुसते भिजतात. वीस मिनिटं पुरतात.

सगळा कुरकुरीतपणा यानंतरच्या पायरीत आहे, आणि मी तीच महिनाभर गाळत होतो. काप निथळून सुती फडक्यावर पसरायचे, पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवायचे. हाताला ओल लागता कामा नये. मग दोन चमचे तांदळाची पिठी आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर एकत्र करून त्यात नुसते घोळवायचे, जास्तीचं पीठ झटकून टाकायचं. तेल मध्यम तापलेलं हवं, मंद आचेवर ते तेल पितात. तळल्यावर कागदावर ठेवू नका, खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. मी पापड भाजायच्या जाळीवर काढतो. असे काप पंधरा-वीस मिनिटं कडक राहतात, पावसाळ्यात त्याहून कमी.

एअर फ्रायरमध्येही केलं, २०० अंशांवर बारा मिनिटं. तेल वाचतं हे खरं, पण काप वातड होतात. तेलाचं ब्रश फिरवलं तर थोडं बरं. माझं मत विचाराल तर लोखंडी तव्यावर शॅलो फ्राय सगळ्यात उत्तम. गंमत म्हणजे मध्य जावाच्या बन्यूमास भागात टेम्पेचे पातळ काप पातीचा कांदा घातलेल्या पिठात बुडवून मुद्दाम अर्धवट तळतात. त्याला मेंदोआन म्हणतात. मऊ, लोंबते काप आणि तोंडी लावायला कच्ची हिरवी मिरची! पावसात ते आमच्याकडे कांदाभजीच्या तोडीस तोड चाललं.

सॉस मात्र पहिल्यापासून जमला. पन्नास ग्रॅम काजू तुकडा अर्धा तास गरम पाण्यात भिजवायचा (अख्खे महागडे काजू इथे वाया घालवू नका), मग अर्ध्या लिंबाचा रस, लसणाची एकच छोटी पाकळी, मीठ, पाव चमचा मोहरीची पूड आणि चार-पाच चमचे पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवायचा. छोट्या भांड्यात, थांबत थांबत, कडा खरवडत, एकदम गुळगुळीत होईपर्यंत. कच्चा लसूण दुसऱ्या दिवशी फार उग्र होतो, म्हणून उरवायचा असेल तर पाकळी आधी तेलात परतून घ्या. फ्रीजमध्ये सॉस घट्ट बसतो, थोडं कोमट पाणी घातलं की परत सैल होतो. एकदा सहज चमचाभर मेतकूट घातलं, तेव्हापासून लेक मेतकुटाशिवायचा सॉस मागतच नाही. काजू परवडत नसतील तर दाण्याचं कूट आणि नारळाचं दूधही चालतं. रंग मातकट येतो, चव छान.

पाकिटं महाग पडायला लागली म्हणून मार्चपासून टेम्पे घरी लावतो. सोयाबीन आपल्याच लातूरकडचं, त्यामुळे तो खर्च किरकोळ. बुरशीचं विरजण तेवढं ऑनलाइन मागवावं लागतं. भिजवणं, शिजवणं सोपं. सालं चोळून काढण्यात मात्र अर्धी दुपार जाते. दाणे कोरडे करून दोन चमचे व्हिनेगर आणि विरजण लावायचं, टाचणीने भोकं पाडलेल्या पिशवीत भरायचं आणि ३०-३२ अंशांना साधारण दीड दिवस ठेवायचं. निम्म्या वाटेनंतर वडी स्वतःच गरम होते, हे मला मे महिन्यात कळलं. तीन पिशव्या एकमेकींवर रचून बंद ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या. सकाळी दार उघडलं तर अमोनियाचा भपकारा, वडी बुळबुळीत. सगळी फेकली. भोकांपाशी करडे-काळे डाग आले तर घाबरू नका, ते बुरशीचे बीजाणू. गुलाबी रंग, चिकटपणा किंवा डोळ्यांत जाणारा वास आला तर मात्र हळहळत बसू नका, कचऱ्यात टाका.

प्रथिनं १०० ग्रॅममागे एकोणीस-वीस ग्रॅम, म्हणजे पनीरच्या बरोबरीने. बी-१२ साठी यावर विसंबू नका, लेक गोळी घेतेच. आणि ग्रेव्हीत पनीर म्हणून खपवायला जाल तर फसाल. दाण्याची, किंचित मशरूमसारखी चव लपत नाही.

आई अजून त्याला बुरशीच म्हणते. पण तळायला घेतलं की जाळीवरचे पहिले दोन काप तिचे, आणि सॉस बाजूला सारून लसणाच्या चटणीबरोबर.