निऑन, कार्डिनल की ग्रीन निऑन?

दुकानातल्या माशांच्या टाकीवर ‘निऑन’ लिहिलंय म्हणून आत निऑनच असेल, याची खात्री नाही. निऑन, कार्डिनल आणि ग्रीन निऑन हे छोटे मासे, तिघेही चुलतभाऊच. नावाचा गोंधळ तर जुनाच: १९५६ साली कार्डिनलला एका दिवसाच्या अंतराने दोन शास्त्रीय नावं मिळाली आणि एक दिवस आधीचं ‘अ‍ॅक्सेलरोडी’ टिकलं.

ओळखताना निळ्या पट्टीवर फार विसंबू नका, ती तिघांनाही असते. लाल कुठून सुरू होतो ते बघा. निऑनचा पोटाच्या मध्यापासून मागे, कार्डिनलचा थेट डोक्यापासून शेपटीपर्यंत. ग्रीन निऑनला जेमतेम शेपटीजवळ, तोही फिकट. पट्टी मात्र हिरवट आणि शेपटीच्या बुडापर्यंत. पिशवीत घाबरलेले किंवा दिवा नुकताच लावलेल्या टाकीतले मासे सगळे सारखेच फिके दिसतात, तेव्हा जरा थांबून बघा.

आता घ्यायचे कोणते? मी आधी निऑन घेतले. स्वस्त, सगळीकडे मिळणारे, मत्स्यशेतीत वाढवलेले म्हणून आपल्या नळाच्या पाण्यालाही बरे. अडलं ते मे महिन्याने. निऑनला थोडं गार पाणी मानवतं आणि मी राहतो नागपुरात. दुपारी टाकी बत्तीस अंशांवर. मग बर्फाच्या बाटल्या. ऑफिसातून रोज अडीच वाजता घरी फोन: “आई, बाटली बदललीस का?” बाटली टाकली की पाणी झपकन गार, संध्याकाळी पुन्हा गरम; त्या चढउतारानेच माझे जास्त मेले असावेत. दोन उन्हाळ्यांत बारापैकी तीन उरले.

कार्डिनल ब्राझीलमधल्या रिओ निग्रो नदीच्या कोमट, काळ्या पाण्यातला. तिथल्या बार्सेलोस गावाच्या आसपास लोक होडीतून जाळ्याने पकडतात, त्यामुळे कित्येकदा जंगलातलाच मासा आपल्याकडे येतो. महाग आहे, पहिले दोन आठवडे नाजूक असतो, खाण्याचे नखरे करतो आणि पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं लागतं. मी आरओचं पाणी मिसळतो. तुमच्याकडे एसी असेल किंवा तुम्ही महाबळेश्वरला राहत असाल, तर निऑनच घ्या, उगाच खर्च कशाला.

ग्रीन निऑनलाही गरम पाणी चालतं. पण माझ्याकडे ते झाडांआडून बाहेरच येईनात.

सध्या टाकीत पंधरा कार्डिनल आहेत. अडीचचा फोन बंद झाला, आणि फ्रीजरमधली बाटल्यांची जागा आईने कुल्फीला दिली आहे.