हर्झोगचा 'हार्ट ऑफ ग्लास': यात जागं कोण आहे ते बघा

दिग्दर्शक वेर्नर हर्झोगचा १९७६ चा हा जर्मन पिक्चर. कळला नाही, अ‍ॅक्टिंग बंडल आहे अशी तक्रार होऊ शकते, पण त्यातल्या बहुतेक नटांना खरोखर हिप्नोटाइज करून कॅमेऱ्यासमोर आणलंय, म्हणून ते असे अडखळत, समोरच्याच्या आरपार बघत बोलतात. गुत्त्यात एक जण दुसऱ्याच्या डोक्यात ग्लास फोडतो आणि तो ढिम्म. काटा येतो अंगावर.

गोष्ट छोटी आहे. १८ व्या शतकातलं बव्हेरियातलं गाव, काचेच्या भट्टीवर जगणारं. लाल रुबी काचेचं गुपित माहीत असलेला कारागीर कुणाला न सांगताच मरतो आणि कारखान्याचा तरुण मालक ते शोधता शोधता भ्रमिष्ट होतो, इतका की मोलकरणीच्या रक्तात तो लाल रंग मिळेल म्हणून तिचा जीव घेतो, शेवटी कारखानाच पेटवतो. खऱ्या रुबी काचेला तो रंग काचेत मिसळलेल्या किंचित सोन्यामुळे येतो, म्हणजे उत्तर भट्टीपाशी, हाताने काम करताना सापडेल असं, आणि हा माणूस काच सोडून भलतीकडेच शोधतोय!

मला वाटतं खरी मेख इथे आहे. शूटिंगला हिप्नोटाइज न केलेले दोनच प्रकारचे लोक होते: भविष्य दिसणारा गुराखी हिआस, म्हणजे योसेफ बिअरबिखलर, आणि तापलेली काच हाताळणारे खरे काचकारागीर. ज्यांचे हात कामात आहेत आणि ज्याला पुढचं दिसतंय तेवढेच जागे, बाकी अख्खं गाव झोपेत चालत विनाशाकडे निघालंय. हिआस आग लागणार हे आधीच सांगतो, ऐकतं कोण, उलट लोक त्यालाच दोष देतात.

शेवटचा भाग एकदम समुद्रातल्या खडकाळ बेटावर जातो, तो आयर्लंडच्या स्केलिग मायकलवर शूट केलाय, आणि इथे पुष्कळांची लिंक तुटेल. तिथली माणसं पृथ्वी खरंच कुठे संपते का ते बघायला चिमुकल्या होडीतून निघतात. तेही वेडच, पण स्वतः जाऊन बघायचं वेड, मालकाच्या अगदी उलट, म्हणून मला तो भाग उपरा वाटत नाही.

पोपोल वू या जर्मन बँडचं म्युझिक आणि डोंगरावरून धबधब्यागत ओसंडणारे ढग, फक्त यासाठीसुद्धा बघा. साधारण दीड तासाचा आहे, मोबाईलवर नको, मोठ्या स्क्रीनवर मूळ जर्मन आवाजात सबटायटल लावून, आणि सुरुवातीला कंटाळा आला तरी बंद करू नका.