घरात भाजीची रोपे वाढवण्याचा ट्रे: कोकणातल्या पावसाळ्यात कसा ठरला?

रत्नागिरीतल्या एका कृषी सेवा केंद्रातून घेतलेला प्रो-ट्रे (रोपांसाठी लहान कप्पे असलेला ट्रे), पाण्याचे ताट आणि पारदर्शक झाकण असा हा संच मिरची, वांगी व टोमॅटोच्या रोपांसाठी उपयुक्त आहे. मात्र झाकणाला हवेची छिद्रे नाहीत आणि कोकणातल्या पावसाळी दमटपणात ही उणीव लहान नाही. बी उगवेपर्यंत झाकण हवेच, परंतु कोंब वर येताच ते काढले नाही, तर पिथियमसारख्या बुरशीमुळे देठ बुंध्याशी पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक होतो आणि पाने हिरवी असतानाच रोप आडवे पडते. ताटाची रचना मला मनापासून आवडली: खालून दिलेले पाणी कप्प्यांतले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हळूहळू वर ओढून घेते, कोवळी पाने कोरडी राहतात, आणि उरलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकता येते. आषाढातल्या अंधारलेल्या दिवसांत खिडकीचा उजेड पुरत नाही व रोपे लांबट होतात, म्हणून रोपांच्या वर वीतभर अंतरावर एलईडी ट्यूब रोज 14 ते 16 तास लावावी लागते. ती संचात मिळत नाही. कोकोपीटमध्ये पोषणद्रव्ये नगण्य असल्याने खरी पाने (बीजदलांनंतर येणारी पाने) फुटल्यावर पातळ द्रवखत द्यावे. कप्पे भक्कम आहेत. खालून दाबल्यावर मुळांचा गोळा न फुटता अलगद बाहेर येतो.