हळद: काढा, दूध की कॅप्सूल?

हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा आणि औषधी मानला जाणारा घटक, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातून थोडंफार आत गेलंच, तर आतडं आणि यकृत त्याचं लगेच रूपांतर करून बाहेर टाकायच्या मार्गाला लावतात. म्हणून हळद कशातून घ्यायची याला महत्त्व आहे.

शोषणाच्या दृष्टीने काढा सगळ्यात मागे. हळद पाण्यात उकळून बाजूला ठेवली की पिवळा गाळ तळाशी बसतो. फडक्याने गाळून वरचं निवळ पाणी प्यायलं तर कर्क्युमिनचा मोठा वाटा फडक्यातच राहतो. प्यायचाच असेल तर ढवळून, गाळासकट. घशाला शेक मिळतो, आणि त्यासाठी शोषण लागतही नाही.

दूध सरस, पण स्निग्धांश हवा. अर्धा चमचा तूप मंद आचेवर पातळ करून त्यात अर्धा चमचा हळद अर्धा मिनिट हलवायची आणि तूप केशरी झालं की सायीचं दूध ओतायचं. तूप धुरावलं तर हळद करपून तपकिरी, कडू होते. कोरड्या पुडीवर गार दूध ओतलं तर गुठळ्याच गिळाव्या लागतात. ओली हळद वापरायची तर पुडीच्या साधारण पाचपट, कारण तिच्यात बहुतांश पाणीच असतं. सांगलीकडे हळकुंडं शिजवून वाळवतात ती रंग सारखा यावा आणि लवकर वाळावीत म्हणून. त्याचा शोषणाशी संबंध नाही.

आता मिरी. 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन (मिरीतला तिखट घटक) दिलं आणि शोषण 2000 टक्के वाढल्याचं नोंदवलं. जाहिरातींत हा आकडा हमखास दिसतो. मात्र नुसतं कर्क्युमिन घेतल्यावर रक्तात ते जेमतेम सापडत होतं. वीसपट झालं ते त्या जेमतेमचं, आणि तेही पहिल्या तासाभरात. घरचा हिशेब करा: चहाचा चमचा हळद 3 ग्रॅम आणि त्यात 3 टक्के कर्क्युमिन धरलं, तर 90 मिलिग्रॅम. 2 ग्रॅमसाठी बावीस चमचे! पिपेरिन तेवढं सात-आठ मिरीदाण्यांत भरतं. दुधात दोन दाणे ठेचून घाला, चव येते; चमत्काराची अपेक्षा नको.

कॅप्सूलमध्ये मात्रा खरी मोठी असते. नुसता 95 टक्के कर्क्युमिनचा अर्क असेल तर तोही नीट शोषला जात नाही, म्हणून तो जेवणासोबत घ्यावा. पिपेरिन, लेसिथिन (एक स्निग्ध पदार्थ) किंवा कर्क्युमिनचे सूक्ष्मकण असलेले प्रकार जास्त आत पोचतात, आणि जपायचं तेही इथेच. इटली आणि अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्या-कॅप्सूल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. त्यांतल्या काहींत पिपेरिन होतं. पिपेरिन फेनिटॉइन (फिट्सवरचं), थिओफिलिन (दम्यावरचं), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबावरचं) या औषधांचीही रक्तातली पातळी वाढवतं.

रोजच्यासाठी दूध पुरे. गुडघेदुखीसारख्या ठरावीक तक्रारीसाठी कॅप्सूल घ्यायची तर डॉक्टरांना विचारून. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने सुरूच करू नये. घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना गेली, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.