गोडी छाटणीपासून पावसापर्यंत: ड्रोनवरच्या एनडी फिल्टरांचा नऊ महिन्यांचा वापर

ड्रोन डीजेआय मिनी ४ प्रो आणि त्यावर सहा एनडी फिल्टरांचा, म्हणजे भिंगात जाणारा प्रकाश कमी करणाऱ्या काळ्या काचांचा संच: ८, १६, ३२, ६४, १२८, २५६ (जितका नंबर तितक्या पटीने प्रकाश कमी). ऑक्टोबरमधल्या द्राक्षाच्या गोडी (फळ) छाटणीपासून जुलैपर्यंतचा हा वापर आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या द्राक्षबागा, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, संध्याकाळचा गोदाघाट आणि पावसात सोमेश्वरचा धबधबा, असं काम होतं.

निकाल आधी सांगून टाकतो. सगळीकडे मिळणारा ८-१६-३२-६४ असा चार फिल्टरांचा संच या ड्रोनला नाशिकच्या उन्हात पुरत नाही. १२८ नसेल तर दुपारचं काम नीट होत नाही. आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ येईल ते) ऑटोवरच ठेवायचं असेल तर फिल्टर घेऊच नका, त्या पैशांची भर घालून जादा बॅटरी घ्या.

चारचा संच का पुरत नाही, त्याचं कारण ॲपर्चरमध्ये, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या भिंगाच्या तोंडात आहे. एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं. मिनी ३ प्रो आणि मिनी ४ प्रो, दोन्हींचं ॲपर्चर एफ १.७ वर कायम असतं, ते कमी-जास्त करता येत नाही. डीजेआयच्याच मॅविक ३ च्या मुख्य कॅमेऱ्याला एफ २.८ ते एफ ११ अशी मोकळीक आहे. एअर २ एस एफ २.८ वर कायम आहे, पण तरीही एफ १.७ पेक्षा जवळजवळ दीड स्टॉप कमी प्रकाश आत घेतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). म्हणून एअर २ एसवाल्याने ‘दुपारी ६४ लावतो’ सांगितलं तर ते त्याच्यासाठी बरोबरच असतं. तोच ६४ मिनीवर लावून शटर १/५० ला, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं ठेवलं की चित्र स्टॉप-दीड स्टॉप उजळ येतं आणि आभाळ पांढरं फटक पडतं. दुसऱ्याचा फिल्टर नंबर विचारण्याआधी त्याचं ॲपर्चर विचारा.

नंबर ठरवायला तक्ता पाठ करायची गरज नाही, एक भागाकार पुरतो. फिल्टर न लावता ड्रोन वर न्यायचा. ॲपमध्ये उजवीकडे खाली ऑटोच्या जागी प्रो करायचं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर ठेवायचं आणि हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटणार नाही इतपत शटर वाढवत न्यायचं. आपल्याला शटर १/५० वर आणायचंय (का ते पुढे येतं), म्हणून शटरचा जो आकडा येईल त्याला ५० ने भागायचं. १/८०० आला तर १६, १/३२०० आला तर ६४, १/६४०० आला तर १२८. हे सेकंदाला २५ फ्रेमचं गणित. ५० फ्रेमवर शूट करणार असाल तर १०० ने भागा. पावसानंतरच्या स्वच्छ हवेत ऑक्टोबरच्या दुपारी आकडा १/६४०० ते १/८००० च्या आसपास येतो. तिथे १२८ लावून शटर १/६० किंवा १/८० केलं की जमतं. १/५० ऐवजी १/८० झाल्याने पडद्यावर फरक कळत नाही, पण हायलाइट, म्हणजे चित्रातले सर्वांत उजळ भाग, वाचतात.

२५ फ्रेमच का, याचं उत्तर गोदाघाटावर मिळतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बऱ्याच दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये त्या चढउताराच्या पूर्ण फेऱ्या बसतात आणि उजेड स्थिर दिसतो. ३० फ्रेम आणि १/६० वर त्याच दिव्यांचे पट्टे चित्रावरून सरकत राहतात. एडिटिंगमध्ये ते काढणं फार जिकिरीचं आहे. दिवसा ३० फ्रेमने काही बिघडत नाही, पण दिवसाचं नि रात्रीचं फुटेज एकाच व्हिडिओत जोडायचं असेल तर सुरुवातीपासून २५ वरच राहा.

आता मुळात १/५० चा आग्रह कशासाठी? हे बागेवर आकड्यांत बघू. कॅमेरा सरळ खाली करून मांडवाच्या पाच मीटर वरून सेकंदाला पाच मीटर वेगाने ड्रोन चालला आहे. फ्रेममध्ये मांडवाची साधारण साडेसात मीटर रुंदी मावते. ४के मध्ये ती ३८४० पिक्सेलवर पसरते, म्हणजे एका मीटरला पाचशेच्या वर पिक्सेल. २५ फ्रेमवर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत वेल २० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १०० पिक्सेल सरकते. शटर १/२००० असेल तर प्रत्येक फ्रेममधलं पान सुरीने कापल्यासारखं स्पष्ट, आणि एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत १०० पिक्सेलची उडी. डोळ्याला ते अडखळत चालल्यासारखं वाटतं. १/५० वर पान ५० पिक्सेल ओढलं जातं, उडीची निम्मी जागा भरून निघते आणि ओळी वाहत गेल्यासारख्या दिसतात.

हेच गणित १०० मीटर उंचीवर करा. फ्रेममध्ये दीडशे मीटर रुंदी मावते आणि १/५० वर ओढ येते जेमतेम दोन-तीन पिक्सेलची. म्हणजे उंचावरून संथ जाणाऱ्या शॉटमध्ये ओढीपुरता फिल्टर असला-नसला सारखंच. ‘एनडी लावला की सिनेमासारखं दिसतं’ हे सरसकट विधान म्हणूनच फसवं आहे. फिल्टरचं खरं काम जमिनीलगतच्या, वेगाच्या आणि बाजूने सरकणाऱ्या शॉटमध्ये दिसतं. बागेच्या मोजणीसाठी किंवा नकाशासाठी फोटो घ्यायचे असतील तर फिल्टर काढूनच ठेवा, तिथे प्रत्येक पान स्पष्ट हवं असतं.

उंचावर एका बाबतीत मात्र फिल्टर उपयोगी पडतो. सूर्य वरून किंवा समोरून असताना कॅमेरा थोडा वर उचलला की पंख्यांची सावली भिंगावर पडते. सेन्सर चित्र ओळी-ओळीने वाचतो, त्यामुळे वेगवान शटरवर ही सावली काळ्या आडव्या पट्ट्यांसारखी फडफडते. १/५० वर ती पसरून जाते आणि बहुतेक वेळा दिसतच नाही.

मॅन्युअलचा, म्हणजे ऑटो बंद करून सगळं हाताने ठरवण्याचा, मुद्दा याहून मोठा आहे. ऑटोमध्ये फिल्टर लावला की कॅमेरा आपल्या मर्जीने शटर किंवा आयएसओ हलवतो. बागेच्या हिरव्या-काळ्या मांडवावरून निघून दूरच्या डोंगराकडे कॅमेरा वर केला की आभाळ फ्रेममध्ये येतं आणि सगळं चित्र अंधारतं. परत खाली केला की उजळतं. एकाच शॉटमध्ये दोनदा झालेला हा बदल नंतर सारखा करता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: शॉटमध्ये शेवटपर्यंत जे काही येणार आहे त्यातल्या सर्वांत उजळ भागाकडे कॅमेरा आधी वळवा, झेब्रा (जास्त उजळ भागांवर तिरके पट्टे दाखवणारी सोय) चालू करा, पट्टे जेमतेम नाहीसे होतील इतकं एक्स्पोजर ठेवा आणि मगच रेकॉर्डिंगला हात घाला. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल) आकड्यावर बांधा. उन्हात ५६०० केल्विन ठीक. ऑटो व्हाइट बॅलन्सवर हिरव्या मांडवावरून उघड्या मातीवर आलं की रंग सरकतो, आणि हा सरकता रंग उजेडाच्या बदलापेक्षाही त्रासदायक. फोनच्या पडद्यावर विसंबू नका. उन्हात तो नेहमी काळपट दिसतो आणि माणूस नकळत चित्र उजळ करून बसतो. हिस्टोग्राम बघा.

प्लास्टिक आच्छादनाच्या बागांना वेगळं वागवावं लागतं. पांढरं प्लास्टिक उन्हात इतकं तळपतं की १२८ वर झेब्रा हटत नाही. २५६ चा सर्वांत चांगला उपयोग इथेच झाला. शटर १/५० वर, प्लास्टिकच्या सुरकुत्या शाबूत, सावल्या थोड्या दबलेल्या. त्या डी-लॉग एममध्ये (नंतर रंग-उजेड सुधारायला जास्त वाव ठेवणाऱ्या फिक्या रंगाच्या रेकॉर्डिंगमध्ये) नंतर उचलता येतात, जळलेलं पांढरं मात्र परत येत नाही. बॅकवॉटरवर चमचमणारं पाणीही असंच, पण तिथे प्रत्येक ठिपका वाचवायला जाऊ नका. सूर्याचं थेट प्रतिबिंब जळणारच.

सकाळी सूर्य वर आल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास उजेड भराभर वाढतो. १६ लावून उडालेला ड्रोन उतरेपर्यंत ३२ मागायला लागतो. अशा वेळी मोठा नंबर लावून निघा आणि सुरुवातीला आयएसओ २०० घ्या, मग १०० वर या. पावसाळी गच्च आभाळात १६ किंवा ३२ पुरतो. सोमेश्वरला एक्स्पोजर पांढऱ्या पाण्यावर ठरवायचं आणि खडक काळे पडू द्यायचे. १/५० वर पाणी दुधासारखं पडतं, १/१००० वर काचेच्या तुकड्यांसारखं. ८ चा फिल्टर नऊ महिन्यांत डबीतून क्वचितच निघाला. अंधार पडल्यावर तर कुठलाच फिल्टर ठेवू नका. दिव्यांची हिरवट प्रतिबिंबं काचेत उमटतात आणि ती कॅमेऱ्याबरोबर फिरतात.

आता संचाचे दोष. २५६ मध्ये रंग किंचित तपकिरी-गुलाबीकडे झुकतो, काळ्या भागात जास्त. गडद एनडी दिसणारा प्रकाश अडवतो, पण इन्फ्रारेड तितका अडवत नाही, त्याचा हा परिणाम. नवा संच आला की ही चाचणी कराच: पांढरी भिंत, व्हाइट बॅलन्स ५६०० वर बांधलेला, एकदा फिल्टरशिवाय आणि मग प्रत्येक फिल्टर लावून पाच-पाच सेकंद. सातही क्लिप शेजारी ठेवल्या की कोणता फिल्टर किती रंग ओढतो ते कळतं आणि दुरुस्तीचा आकडा एकदाच लिहून ठेवता येतो. या संचात १६ ते १२८ एकमेकांशी जुळतात. २५६ ला दर वेळी वेगळी दुरुस्ती लागते.

दुसरा दोष रिंगवरच्या छपाईचा. पाचव्या महिन्यात १६ आणि ६४ चे आकडे पुसट झाले, आणि सावलीत दोन्ही काचा सारख्याच काळ्या दिसतात. रिंगच्या कडेला नेलपॉलिशचे ठिपके द्या, जितके स्टॉप तितके: १६ ला चार, ६४ ला सहा, १२८ ला सात. ठिपका बारीक हवा आणि काचेपासून लांब. गिंबलची (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या हाताची) मोटर नाजूक असते, जादा वजन तिला चालत नाही. याच कारणाने दुसऱ्या मॉडेलचा फिल्टर ‘बसतोय ना’ म्हणून लावू नका. फिल्टर नेहमी ड्रोन बंद असताना बदला, कॅमेऱ्याचं तोंड दोन बोटांत धरून, गिंबलच्या दांड्यावर जोर न देता. चालू ड्रोनवर बदलला तर मोटर हाताशी झुंजते आणि गिंबलची चूक दाखवते.

साफसफाईत बागेचा खास त्रास आहे. भुरी रोगासाठी मारलेलं गंधक आणि ब्लोअरच्या फवाऱ्याचे तुषार काचेवर पातळ थर धरतात. समोरून ऊन आलं की सगळं चित्र दुधाळ होतं आणि दोष भिंगाचा वाटतो. फवारणी चालू असलेल्या बागेत उडवूच नका. काचेवर आधी हवेचा फुगा मारा, मग मायक्रोफायबरवर लेन्सच्या द्रवाचा एक थेंब. कोरडं पुसलं तर धुळीचे कण कोटिंगवर रेघा ओढतात. या संचातल्या १२८ च्या कडेला अशा दोन रेघा आहेत, सूर्य फ्रेममध्ये आला की त्या दिसतात.

व्हेरिएबल एनडी (फिरवून गडदपणा बदलता येणारा फिल्टर) आणि पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर), दोन्ही ड्रोनवर नकोत. व्हेरिएबलमध्ये दोन पोलरायझर एकमेकांवर फिरतात. एवढ्या रुंद भिंगावर ते जास्त घट्ट केले की चित्रात काळी फुली उमटते. साधा पोलरायझर पाण्याची चकाकी सुरेख काढतो, पण ड्रोन वळला की चकाकी परत येते, आणि वर असताना तो फिरवायला हात पोचत नाही. एकाच दिशेने सरळ जाणाऱ्या शॉटपुरता तो ठीक.

नाशिककरांसाठी एवढं मात्र ध्यानात असू द्या: ओझरचा विमानतळ, देवळालीचा लष्करी भाग आणि नाशिक रोडचे सरकारी छापखाने आपल्या अगदी शेजारी आहेत. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी दर वेळी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा उघडून झोन बघा. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात आणि नांदूर मध्यमेश्वर हे रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. या दोन्ही ठिकाणी ड्रोन पिशवीतूनच काढू नका.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर सहाचा संच नको, १६, ६४ आणि १२८ हे तीनच सुटे. आच्छादनाच्या बागांचं काम असेल तर चौथा २५६. ३२ ची वेळ आली की ६४ लावून आयएसओ २०० करता येतं, आणि दिवसाच्या उजेडात त्या एका स्टॉपने चित्रात वाढणारा दाणा शोधूनही सापडत नाही.