फोन टेबलावर की लॉकरमध्ये?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावलं तर चित्र सारखंच. समोर राज्यव्यवस्थेचं पुस्तक, शेजारी पालथा घातलेला फोन आणि फोनात चालू घडामोडींचे पाच-सात टेलिग्राम ग्रुप. विचारलं तर उत्तर येतं, "कामाचाच आहे." ते खोटंही नाही. पीडीएफ, लोकसेवा आयोगाच्या घोषणा, घरचे निरोप, सगळं त्यातच येतं. म्हणून अभ्यासाच्या वेळी फोन लॉकरमध्ये ठेवणं म्हणजे पुण्य आणि टेबलावर ठेवणं म्हणजे पाप असं धरून मी बसलेलो नाही.

आधी वेळेचं बघू. वाचन आणि चॅट ही दोन्ही डोक्याची कामं. मेंदू ती एकदम करत नाही, एक सोडतो आणि दुसरं धरतो. ही उडी सेकंदाच्या अंशाची असते, पण काम जितकं गुंतागुंतीचं तितकी ती महाग पडते. आणि अर्धवट सुटलेलं काम पाठ सोडत नाही, असं संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. ग्रुपवर "कट-ऑफ किती लागेल?" हा वाद मध्येच टाकून कलम ३५६ वर परतलात, तरी मनात आकडेमोड चालूच राहते.

"मी बघतच नाही, नुसता ठेवतो," असंही पुष्कळ जण म्हणतात. २०१५ च्या एका प्रयोगात लोकांनी फोनला हात लावला नाही, फक्त नोटिफिकेशन आल्याचं त्यांना कळलं. तेवढ्यानेही लक्ष लागणाऱ्या कामात चुका वाढल्या. आवाज बंद करून पालथा ठेवलेला फोनही डोक्यातली जागा खातो, असं २०१७ चा एक अभ्यास सांगतो. मात्र नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तसं आढळलं नाही, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही.

माझा कौल ठरतो तो २००६ च्या एका प्रयोगावर. फोर्डे, नोल्टन आणि पोल्ड्रॅक या संशोधकांनी लोकांना कार्डं बघून हवामानाचा अंदाज बांधायला शिकवलं. एक भाग शिकताना त्यांना सोबत आवाजही मोजायला लावले. दोन्ही भागांत उत्तरं जवळपास सारखीच बरोबर आली. फरक पुढे दिसला. आवाज मोजत शिकलेल्या भागाबद्दल थोडं फिरवून विचारलं की ते अडखळत. सवयीने शिकणं झालं होतं, समजून लक्षात ठेवणं कमी पडलं होतं. हे आपल्याकडच्या तक्रारीशी किती जुळतं बघा: "वाचलेलं होतं, पण प्रश्न फिरवून आला." राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिथे पर्याय बघून आठवण्याची सोय नाही.

मग लॉकरच? तोटा त्यालाही आहे. २०१९ च्या एका प्रयोगात ज्यांची सगळी नोटिफिकेशन्स बंद केली, त्यांची बेचैनी वाढली. ज्यांना ती दिवसातून तीनदा एकगठ्ठा मिळाली, त्यांचं लक्ष सुधारलं आणि ताण घटला. म्हणजे दिवसभर कुलूप लावून चुळबुळत बसण्यापेक्षा चहा, मेस आणि संध्याकाळ अशा तीन वेळा फोन उघडणं शहाणपणाचं.

पीडीएफ उतरवणं, नोट्सची फाइल लावणं, अर्ज भरणं, या वेळी फोन खुशाल टेबलावर असू द्या. घरी कुणी आजारी असेल तरीही फोन जवळच हवा, फक्त घरच्या दोन नंबरांचीच रिंग वाजेल असं सेटिंग करून.

"मला सवय आहे, मी अष्टावधानी," असं म्हणणारा प्रत्येक बॅचला एखादा तरी भेटतो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात २०१० मध्ये २०० जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवत फोनवर आठवणीची कोडी सोडवायला लावली, तेव्हा अजिबात न ढळणारे निघाले २.५ टक्के, म्हणजे पाच जण. आपण त्यातले का, हे घरीच तपासता येतं. एकाच विषयाची दोन प्रकरणं घ्या. एक फोन जवळ ठेवून वाचा, दुसरं तो लॉकरमध्ये टाकून. तीन दिवसांनी पुस्तक मिटून दोन्हींवर एकेक पान लिहून काढा.