बंपर स्पोर्ट मॉडेलचा, एक्झॉस्ट आपल्याच इंजिनाचा

गाडी तीच, पण स्पोर्ट मॉडेलचा पुढचा बंपर खाली उतरलेला आणि मागे दोन्ही बाजूंना पाइप. आपल्या साध्या मॉडेलला तेच भाग लावायचे की बाहेरच्या कंपन्यांचे, म्हणजे आफ्टरमार्केट घ्यायचे? माझं मत ठाम आहे: बॉडीचे भाग स्पोर्ट मॉडेलचे घ्या, एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर मागे नेणारे पाइप आणि सायलेन्सर, मात्र बहुतेक वेळा त्या मॉडेलचा नको.

बॉडीची निवड त्यातल्या त्यात सोपी. कंपनीचा बंपर लवचिक प्लास्टिकचा असतो, हलका धक्का बसला की दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. स्वस्त बॉडीकिट बरेचदा फायबरग्लासचं असतं आणि तेवढ्याच धक्क्यात तडकतं. त्याचा प्रत्येक नगही थोडा वेगळा निघतो, त्यामुळे रंगाआधी पेंटरला घासून, पुट्टी भरून फटी जुळवाव्या लागतात. किटमध्ये वाचलेले पैसे तिथेच मजुरीत जातात. पार्किंग सेन्सर किंवा बंपरमागे रडार असेल तर कंपनीच्या भागांचं पारडं आणखी जड, कारण सेन्सरच्या जागा आणि ब्रॅकेट साच्यातच ठरलेले असतात. रडारसमोर पुट्टीचा जाड थर आला तर त्याच्या वाचनात गडबड होते.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘स्पोर्ट’ नावाची दोन वेगळी मॉडेलं असू शकतात: एक नुसतं दिसायला स्पोर्टी, दुसरं खरोखर वेगळ्या बॉडीचं. बीएमडब्ल्यूच्या ई ४६ पिढीचंच बघा. एम स्पोर्ट पॅकेजचा बंपर साध्या ३ सिरीजला बसतो, कारण बॉडी तीच आहे. फक्त कूपेचा कूपेला, सेडानचा सेडानला हवा. खऱ्या एम३ चे, म्हणजे त्याच गाडीच्या जास्त ताकदवान स्पोर्ट मॉडेलचे, फेंडर (चाकांवरचे पत्रे) मात्र रुंद आणि बॉनेट वेगळं, त्यामुळे नुसता तिचा बंपर आणून कडा जुळत नाहीत. फेंडर आणि बॉनेटही बदलावं लागतं, आणि मग हा बंपराचा खर्च राहत नाही. म्हणून आधी पार्ट नंबर तपासा, फेसलिफ्टच्या, म्हणजे कंपनीने मधेच गाडीचं रूप थोडं बदललं त्याच्या, आधीचा की नंतरचा तेही बघा. बंपरासोबत जाळ्या, फॉगलाइटची झाकणं, कडा जागेवर धरणारे ब्रॅकेट, खालचं आवरण आणि क्लिपा वेगळ्या मोजा. जुना बंपर मिळाला तर या सगळ्यासकट घ्या, सुटे जमवत बसलात तर हिशेब बिघडतो.

आता एक्झॉस्ट. इथे कंपनीचं ते चांगलं हा नियम डोळे मिटून लावू नका.

पहिली अडचण जागेची. ई ४६ एम३ चा मागचा मफलर (सायलेन्सर) इतका मोठा की त्या गाडीत स्टेपनीची खोलगट जागाच नाही. साध्या ३ सिरीजला तो लावायचा तर डिकीचा तळ कापावा लागतो. स्पोर्ट मॉडेल चारही चाकांना ताकद देणारं असेल तर मागच्या डिफरन्शियलमुळे (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीमुळे) पाइपची वाटही बदलू शकते. दुसरी अडचण मापाची. मोठ्या इंजिनासाठी काढलेला रुंद पाइप लहान, टर्बो नसलेल्या इंजिनाला लावला की वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमवरची ओढ कमी होऊ शकते. टर्बो गाडीला मोकळा पाइप जास्त मानवतो. पण दोन्हींत फक्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) मागचा भाग बदलून ताकदीत मोठी उडी मिळत नाही. मिळतो तो आवाज, आणि त्यासाठीच घेत असाल तर त्यात काहीच चूक नाही.

त्या आवाजाचा खरा त्रास म्हणजे ठरावीक वेगावर केबिनमध्ये भरून राहणारी गुणगुण. चार सिलिंडरचं इंजिन ३,००० आरपीएमवर सेकंदाला १०० स्फोट करतं, आणि त्याच्या आसपासची कंपनं केबिनने उचलून धरली की लांबच्या प्रवासात डोकं दुखतं. तुमच्याच इंजिनासाठी बनवलेल्या चांगल्या आफ्टरमार्केट सिस्टिममध्ये ही गुणगुण मारायला रेझोनेटर, म्हणजे ठरावीक आवाज दाबणारी पोकळ नळी, असते. स्पोर्ट मॉडेलचा मफलर दुसऱ्या इंजिनाच्या हिशेबाने जुळवलेला असतो. त्यात आवाज कमी-जास्त करणारी झडप असेल तर ती चालवायला वायरिंग आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कोडिंग लागतं, नाहीतर ती एकाच स्थितीत अडकून राहते.

एक्झॉस्ट विकत घेताना ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील मागा, ४०९ प्रतीवर लवकर तांबूस गंज चढतो. मंजुरीची खूणही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत बदली सायलेन्सरसाठी आर ५९ हा स्वतंत्र नियम आहे. कन्व्हर्टरला हात लावू नका. बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन हेही मनात घोळत असेल तर गाडी विकून स्पोर्ट मॉडेलच घेतलेलं बरं. ते सगळं जोडून जोडून कधीच स्वस्तात होत नाही.

दिसणं आणि आवाज एवढंच हवं असेल, तर मागचा बंपर आणि एक्झॉस्ट एकाच बैठकीत ठरवा. बंपराला दोन्हीकडे खाचा आणि पाइप एकीकडेच, अशी गाडी अर्धवट दिसते. बंपर आधी बसवा, मग त्याच्या खाचांना धरून पाइपची टोकं जुळवा, आणि भोवती बोट जाईल एवढी फट राखा, कारण इंजिनाच्या झटक्यांनी पाइप हलतो. मागेही थोडी जागा धरा: दोन मीटरचा स्टेनलेस पाइप ३०० अंशांनी तापला की साधारण १ सेंटीमीटर लांबतो, आणि थंड गाडीवर बरोबर दिसलेलं टोक गरम झाल्यावर प्लास्टिकच्या कडेला टेकून ती वितळवू शकतं.